मापाड्याची लेक

फार वर्षांमागची गोष्ट, इतकी जुनी की ते गाव नदीच्या कुठल्या काठावर होतं हेही आता कुणाला सांगता येणार नाही. त्या गावाची एक रीत होती. सुगी संपली की देवळापुढे मोठा ताजवा टांगायचा आणि पोरांची गुळाने तुला करायची. सगळ्यांत जड भरेल त्या पोराला बैलगाडीतून वाजतगाजत मिरवायचं. जड पोर म्हणजे दणकट पोर, असा सगळ्यांचा पक्का समज.

ताजवा धरायचा गावचा मापाडी. त्याची एकुलती एक लेक गोजरी. मोठी गोड पोर, पण पायाला भिंगरी! चिंचेवर चढ, बांधावरून उडी मार, वडाच्या पारंबीला लोंबकळ. एका वर्षी ती धनगरांच्या म्हाळसापेक्षा गुळाच्या एका खड्याने कमी भरली, आणि मापाड्याच्या जिवाला ते फार लागलं. ज्याच्या हाती गावाचं माप, त्याचीच लेक हलकी?

त्या दिवसापासून त्याने तिला खेळायला जाऊ दिलं नाही. "पळू नकोस गं बाई, वजन उतरेल. बस इथं, तूप-भाकरी खा." ती उठली की हा धावायचा, "काय हवंय? मी आणतो." बिचारी दारात बसून चिंचेकडे बघत राहायची.

म्हाळसाची आजी मेंढरं घेऊन रोज तिथूनच जायची. एकदा ती थांबली आणि म्हणाली, "मापाडीदादा, पोरीला जरा हुंदडू द्या की. आमची म्हाळसाही काही हलकी नाही, पण कोकरं उचलते, विहिरीचं पाणी शेंदते. हातापायांना काम नको का?"

"आजी, तुम्ही मेंढरं सांभाळा," मापाडी फटकन म्हणाला. "माप मला कळतं."

बघा तोरा! आणि तो एकटाच तसा होता असं नाही. कुंभाराचं पोरगं अगदी काडी. आहे तेवढं वजन तरी टिकावं, म्हणून आईने त्यालाही घरात कोंडलं होतं.

पुढच्या तुलेत गोजरी पहिली आली. गाडीत बसलेल्या लेकीला बघून मापाड्याचे डोळे भरून आले. मिरवणूक संपली आणि पोरं हातपाय धुवायला नदीत उतरली. तिकडे डोंगरात अवकाळी पाऊस कोसळला होता, इकडे कुणाला पत्ताच नाही. बघता बघता पाण्याचा लोंढा आला. बाकीची पोरं वाटेने वर पळाली. म्हाळसा, गोजरी आणि कुंभाराचा मुलगा वाटेपासून लांब होते, ते तेवढे दरडीखाली अडकले.

मापाड्याने दोर खाली सोडला. तो धरून म्हाळसा सरसर वर आली. वजनाला ती जवळजवळ गोजरीच्या बरोबरीचीच होती बरं का! मग कुंभाराचा मुलगा लटकला. अंगाने एवढासा, पण दोन हात वर येतो न येतो तोच त्याची पकड सुटली आणि तो पाण्यात गेला.

मग गोजरीने दोर धरला. वरून चौघे ओढत होते.

"बाबा, हात थरथरतायत!"

"घट्ट धर, सोडू नकोस गं!"

"बाबा, नाही धरवत!"

आणि दोर एकदम हलका झाला.

खालच्या उतारावर कोळ्यांनी जाळी टाकून दोघांनाही बाहेर काढलं. मुलगा वाचला. गोजरीही वाचली, पण तिचा पाय खडकात सापडून चिरडला होता. तो पुन्हा कधी सरळ झाला नाही.

तीन महिने ती अंथरुणावर होती. एका सकाळी मापाडी पेज भरवत असताना ती घाबरत घाबरत म्हणाली, "बाबा, पडून पडून माझं वजन उतरलं असेल ना? मला रागावणार नाही ना?"

मापाड्याने वाटी खाली ठेवली आणि तिला जवळ घेतलं. "चुकलं गं माझं, सोन्या," एवढंच तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

त्याने स्वतःच ती रीत मोडायला लावली. पुढे तो रोज गोजरीला खांद्यावर घेऊन चिंचेखाली जायचा, खालच्या फांदीला लटकवून तिच्याकडून मेहनत करून घ्यायचा. हळूहळू तिचे हात चांगले घट्ट झाले. पण गावची पोरं शिवाशिवी खेळायला लागली की ती कुंपणाशी उभी राहून बघायची, आणि मापाड्याला तिच्याकडे बघवायचं नाही.

लेकरांनो, आणि लेकरांच्या आईबापांनो, ताजव्यात फक्त वजन कळतं. अंगातलं बळ खेळण्या-राबण्यानेच येतं.