बदकिणीने निवडलेले खडे

कुणीतरी एका तळ्यात विष टाकले आणि मागे वळूनही न पाहता निघून गेले. मुलांनो, ते कोण होते हे मला विचारू नका. जाताना त्यांनी आपले नाव मागे ठेवले नाही. विष मात्र ठेवले.

त्या तळ्याच्या काठी, लव्हाळ्यांत, एक बदकीण राहत असे. दोन हिवाळे डोंगरापलीकडून तोफगोळे येऊन तळ्यावर फुटत राहिले. त्यांतले जळते पांढरे तुकडे पाण्यात पडत, चरचरत विझत आणि गाळात रुतून बसत. मग एके दिवशी तोफा थांबल्या. माणसे तंबू गुंडाळून गेली, आणि बदकीण आपल्या सात पिल्लांना घेऊन पुन्हा उथळ पाण्यात उतरली.

बदकांना दात नसतात. ती बारीक खडे गिळतात, आणि पोटात ते खडेच दाणे दळतात. म्हणून पिल्लांना खडा पारखायला शिकवणे हे बदकिणींमध्ये आईचे पहिले काम. "गुळगुळीत नको रे, कंगोऱ्याचा घ्यायचा," असे सांगत तिने गाळात चोच घातली आणि सात पांढरे खडे वेचले. इतके एकसारखे खडे तिला आजवर मिळाले नव्हते.

काठावरचे म्हातारे कासव म्हणाले, "थांब गं पोरी. काल असलाच एक खडा उन्हात पडला होता. त्यातून धूर निघत होता, लसणीसारखा वास येत होता."

"कासवआजोबा, तुम्हाला पावलोपावली संकटच दिसतं! म्हणून तर घर पाठीवर घेऊन हिंडता," बदकीण हसली. "तोफा गेल्या. आता कसली भीती?" तिने एकेका पिल्लापुढे एकेक खडा ठेवला. स्वतःसाठी एकही ठेवला नाही.

दुपारी धाकटे पिल्लू एकाच जागी गोल गोल फिरू लागले. मग त्याची मान मागे पडली. ऊन उतरेपर्यंत सातही पिल्ले पाण्यावर उताणी तरंगत होती. त्यांतले एक घारीने उचलून नेले, तर थोड्या वेळाने तीही झाडाखाली मरून पडली.

बदकीण चोचीने एकेका पिल्लाला सरळ करत होती. ते पुन्हा उलटत होते. "मीच निवडून दिले, आजोबा," ती म्हणाली. "कुणाशी लढत होते हो ते तोफवाले? एवढं कोण वैरी होतं त्यांचं इथं?"

डोंगरमाथ्यावरून पाण्याला आलेली एक टिटवी जवळच उभी होती. ती हळूच म्हणाली, "वैरी कुणीच नव्हतं गं. मी वरून रोज बघत होते. ते नुसता नेम धरायला शिकत होते."

तात्पर्य : तोफा गप्प झाल्या म्हणजे माती आणि पाणी निर्धोक झाले असे नव्हे; ज्यांनी विष पेरले ते परत येऊन वेचून नेत नाहीत, तोवर ते विष निष्पापांचे बळी घेतच राहते.