काथवटीतला चिखल

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते विचारू नका, कारण असल्या गोष्टी जुन्या होत नाहीत. लहानांनी ऐका, आणि थोरांनी जरा जास्तच कान देऊन ऐका. यातला सगळा गाढवपणा थोरांनीच केलेला आहे.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला राजा नव्हता. डोंगरावर एक तळं होतं आणि तळ्यातून निघालेला पाट उतारानं गावात यायचा, आधी वरच्या आळीत, मग खालच्या आळीत. पिणं, शेती, गुरं, सगळं त्या पाटावर. तळ्याची राखण करायला गावकरी आपल्यातलाच एक कारभारी निवडत. सुगी आटोपली की सगळे पारापाशी जमायचे आणि ज्याला कौल द्यायचा त्याच्या नावावर हात वर करायचे.

पण हात वर करायच्या आधी पाय दाखवावे लागायचे. गावचा रिवाजच होता तसा. ज्याच्या पायाला तळ्यातला काळा चिखल असेल त्यालाच कौल देता यायचा. चिखल नसेल तर गुमान मागं बसायचं, मग माणूस कितीही मोठा असो. वाडवडील काही खुळे नव्हते. जो तळं बघून आला त्यानंच तळ्याबद्दल बोलावं, एवढं साधं त्यांचं म्हणणं. म्हणून निवडीच्या सकाळी चालता येणारं प्रत्येक माणूस डोंगर चढायचं, तळ्यात उतरायचं, पाणी किती आहे, बांध कसा आहे ते बघायचं आणि मग खाली यायचं. उतरताना भांडणंही व्हायची. पण ती बघितलेल्या गोष्टीवरून व्हायची.

खालच्या आळीत धुरपा नावाची बाई राहायची. नवरा गेलेला, एकुलती एक लेक वेणू वरच्या आळीत दिलेली. धुरपाच्या पाच-सहा शेळ्या होत्या, परसात वांगी-मिरच्या होत्या, आणि जिभेवर त्या मिरच्यांपेक्षा जास्त तिखट होतं. लेकीवर मात्र भारी जीव. वेणू दर बाजाराला आईकडे यायची आणि दोघी पाटाच्या कडेला पाय सोडून बसायच्या.

एका वर्षी गावानं नवा कारभारी निवडला. बोलायला असा गोड की त्याच्याशी भांडायला गेलेला माणूस गूळ खाऊन परत यायचा. पुढच्या निवडीला या कारभाऱ्यानं पाराजवळ एक भली मोठी लाकडी काथवट आणून ठेवली, लग्नाकार्यात भाकरीचं पीठ मळायची असते तशी. तिच्यात तळ्यातला चिखल भरलेला. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी एवढा चढ का चढावा, लेकुरवाळ्यांनी उन्हात का मरावं, असं तो कळवळून म्हणाला. चिखल तळ्यातलाच आहे, इथंच पाय बुडवा आणि कौल द्या. रिवाजही राहिला आणि पायही दुखले नाहीत.

काय आनंद झाला लोकांना! जिच्यात अन्न मळायचं तिच्यात पाय घालतोय, याचंसुद्धा कुणाला काही वाटलं नाही. धुरपानंही पाय बुडवले. त्या दिवशी तिचा गुडघा दुखत होता, आणि नसता दुखत तरी तिनं बुडवले असते.

झालं. त्यानंतर डोंगरावर कुणी फिरकेना. वाटेवर बोरी-बाभळी माजल्या. नवी पोरं मोठी झाली, त्यांतल्या काहींना तळं म्हणजे ती काथवटच वाटायची. दरवर्षी लोक यायचे, पाय बुडवायचे, हात वर करायचे, कारभाऱ्यानं वाटलेली बुंदी खायचे आणि आपण गाव चालवतो म्हणून मिशांना पीळ देत घरी जायचे.

पाटाचं पाणी मात्र हळूहळू बारीक झालं.

तेव्हा कारभाऱ्याची माणसं दोन्ही आळ्यांत फिरली. खालच्या आळीत ती म्हणाली की वरचे लोक फळ्या लावून पाणी अडवतात. वरच्या आळीत म्हणाली की खालचे लोक रात्री वर जाऊन पाट फोडतात आणि पाणी लांबवतात. दोन्ही आळ्यांनी ते घोट घोट प्यायलं. खरंखोटं करायला डोंगर चढावा लागतो हो, शेजाऱ्याचा राग करायला उंबरासुद्धा ओलांडावा लागत नाही. बघता बघता बोलणी बंद झाली, हळदीकुंकू बंद झालं, एकमेकांच्या मयताला जाणंही बंद झालं.

एका बाजाराला वेणू आली ती अंगणातच उभी राहिली. आत ये म्हटलं तर येईना. म्हणाली, "आई, तुमच्या आळीनं आमची रोपं पाण्यावाचून जाळली. पाट फोडताना लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

धुरपाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फळ्या तुम्ही लावता आणि वर मलाच शिकवता होय, असं काहीबाही ती बोलली. वेणूही बोलली. मायलेकी दोघींनी जे कधी पाहिलं नव्हतं त्यावरून एकमेकींवर तोंड टाकलं, आणि लेक पाणीसुद्धा न पिता निघून गेली.

धुरपानं ठरवलं, आता वरच्या आळीला मुद्देमालासकट पकडायचं. सत्यबित्य शोधायला नव्हती निघाली ती, लेकीच्या सासरचं नाक कापायला निघाली होती. दुसऱ्या दिवशी निवड होती. पहाटेच काठी घेऊन ती पाटाच्या कडेकडेनं वर चालू लागली. वरची आळी आली आणि मागं पडली, एकही फळी दिसली नाही. पाट कुठं फुटलेलाही नव्हता. काटे मोडत, साडी फाडत ती तळ्यावर पोचली आणि मटकन खाली बसली.

तळं कुठलं! मधोमध एक डबकं उरलं होतं. गावाकडच्या पाटाचं तोंड दगडांनी बुजवत आणलेलं, आणि पलीकडच्या अंगाला बांध कापून नवा रुंद पाट काढलेला. त्या पाटाचं पाणी डोंगरामागं उतरत होतं, जिथं कारभाऱ्याचा ऊस पुरुषभर उंच उभा होता. तळं राखी तो पाणी चाखी, हे धुरपालाही ठाऊक होतं. घोटभर चाखलं असतं तर ती बोललीही नसती. या माणसानं अख्खं तळं घशात घातलं होतं.

चिखलातून एक म्हातारं कासव डोकं वर काढून बघत होतं.

"तू कुठली?" त्यानं विचारलं.

"खालच्या गावची."

"त्या गावाचे पाय पूर्वी येत असत," कासव म्हणालं. "आता एकच गडी येतो. काथवटीपुरता चिखल उपसतो आणि जातो."

"आणि त्याला हे दिसत नाही?"

"त्याला चिखल आणायला सांगितलंय. तळं बघायला कुठं सांगितलंय?"

धुरपा उतरली ती धावतच. पारापाशी निवड सुरू झाली होती, बुंदीच्या पाट्या उघडल्या होत्या. तिनं पाहिलेलं सगळं सांगितलं, ओरडून सांगितलं. खालच्या आळीतले म्हणाले, हिची लेक वरच्या आळीत आहे, ही त्यांचीच बाजू घेणार. वरच्या आळीतले म्हणाले, खालच्या आळीची बाई, हिचं काय ऐकायचं. एक पोक्त गृहस्थ उठले आणि शांतपणे म्हणाले, "धुरपाबाई, तुमच्या पायाला चिखल आहे, तसा आमच्याही पायाला आहे. तुम्हाला तळं रिकामं वाटतं, आम्हाला भरलेलं वाटतं."

लोकांनी माना डोलावल्या. केवढं शहाणपणाचं वाटलं त्यांना ते! कारभारी हसून म्हणाला की बाईचं ऐकून घेतलं पाहिजे, तो तिचा हक्कच आहे. आता ज्याचं त्यानं ठरवावं.

"ठरवायचं काय त्यात?" धुरपा म्हणाली. "तळं तिथं आहे. चला माझ्याबरोबर आणि बघा."

कुणी उठलं नाही. ऊन फार होतं म्हणे. धुरपानं मग काथवटीला लाथ घातली. चिखल सांडला, आणि तेव्हा मात्र सगळं गाव उठलं. तळं आटलं तर कुणाला राग आला नव्हता, काथवट पालथी झाली तर आला. रिवाज बाटवला म्हणून तिला पारावरून हाकलून दिलं. जाताना तिनं मागं वळून पाहिलं. हातांचं रान उभं होतं आणि त्यात वेणूचाही हात होता.

उन्हाळा लागला आणि एका सकाळी पाट कोरडा पडला.

मग चढलं गाव. हंडे, कळश्या, पोरंबाळं घेऊन दोन्ही आळ्या एका वाटेनं चढल्या. वर पोचले तर पाण्याचा थेंब नव्हता. मासे मरून पडले होते, गुरं चिखलात रुतून हंबरत होती. कारभाऱ्यानं ऊस तोडून, गाडे भरून केव्हाच मुलूख सोडला होता. कासवही निघून गेलं होतं. त्याचं घर त्याच्या पाठीवर होतं. सगळं गाव गुडघ्यापर्यंत चिखलात उभं राहिलं, आणि तेच पोक्त गृहस्थ रडत म्हणाले, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो!"

धुरपानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती कापलेल्या बांधापाशी गेली आणि हातांनी माती ओढू लागली. थोड्या वेळानं वेणू तिच्या शेजारी येऊन बसली.

"आई, मला खरंच वाटलं होतं की..."

"वाटलं होतं," धुरपा म्हणाली. "बघायचं तर चढ फक्त एवढाच होता, वेणू."

दोघी माती ओढत राहिल्या. बांध पुन्हा उभा राहिला, पण तळं भरायला एक पिढी गेली, आणि तोवर अर्धं गाव पाण्याच्या शोधात देशोधडीला लागलं. मागं उरलेल्यांनी ती काथवट चुलीत घातली. आता निवडीच्या सकाळी तिथली माणसं डोंगर चढतात, आणि ज्याला चढवत नाही त्याला बाकीचे पाठुंगळी नेतात.

तात्पर्य: जे आपलं आहे ते स्वतः जाऊन न बघता जो हात वर करतो, त्याचा हात चोराच्याच कामी येतो.