चुन्याच्या रेघांची सहा दुकानं

"सहाशे रुपये? आणि तुला?" गुलाबशेठ सावकार इतका हसला की पगडी कानावर घसरली.

समोर तान्हूबाई कासारीण बसली होती. घरोघर फिरून बायकांना बांगड्या भरायची. बाजाराच्या तोंडाशी तिची मोकळी जागा होती. तिथं सहा दुकानं बांधून भाड्यानं द्यायची, एवढंच तिच्या मनात होतं.

"चावडीत तू कमाई सांगितलीस वर्षाला चाळीस रुपये. सहाशे फेडणार कधी? पणतूच्या बारशाला?"

"थोडी जास्त धरा की, शेठ."

"जास्त आहे? म्हणजे राजाचा कर चुकवलास. चल दरबारात!"

शेठला कराशी काय देणंघेणं? डोळा होता त्या जागेवर. पण असलं पोटातलं कोण सांगतं? तुम्ही तरी सांगता का?

महाराज पक्के हट्टी. म्हणाले, "पुढच्या बाजारापर्यंत मुदत. कर्ज कसं फेडशील ते दाखव. तुझी कमाई चाळीसच धरायची. दागिना गहाण नाही, जामीन नाही. दाखवलंस तर शेठ कर्ज देईल. नाहीतर कमाई लपवलीस असं धरीन आणि जागा शेठला विकीन."

बाजाराच्या दिवशी तान्हूबाईनं पहाटेच जागेवर चुन्याच्या रेघा ओढल्या. सहा दुकानं, प्रत्येकाला दाराची फट. त्या गावात दर बाजारी बसायच्या जागेवरून डोकी फुटायची. आज भांडीवाला, शिंपी, गूळवाला, सगळे आपापल्या रेघेत गुपचूप बसले. गिऱ्हाइकंही लबाड. दारात चपला काढून आत जायला लागली.

महाराज आले, शेठ आला. शेठ सरळ रेघ ओलांडून आत.

"अहो शेठ," भांडीवाला ओरडला, "भिंतीतून कुठं शिरता?"

महाराजांनी मुकाट्यानं दार शोधलं.

"वाकून या, महाराज," तान्हूबाई म्हणाली, "चौकट बुटकी आहे."

महाराज वाकले. अख्खा बाजार पदरात तोंड घालून हसला.

"आता फेडीचं बोल," महाराज म्हणाले.

"दर दुकानाचं भाडं वर्षाला पन्नास. सहांचे तीनशे. दोन वर्षांत मुद्दल फिटेल, तिसऱ्या वर्षी शेठचं व्याज. सहा महिन्यांचं भाडं तर या सहा जणांनी आजच दिलंय." तिनं दीडशे रुपये पुढं ठेवले.

शेठ उसळला, "मग तुझी कमाई वाढली की! चाळीस खोटे!"

"माझी कशी? मी बांगड्या भरून मिळवते ते चाळीस. फेडणार दुकानं. कर्ज त्यांच्याकडं बघून द्या, माझ्याकडं कशाला बघता? चावडीत त्यांचं वेगळं पान उघडा, कर तिथं घ्या."

महाराजांच्या मिशा हलायला लागल्या. "न बांधलेली दुकानं मला कर देणार? बरं, एक खरं सांग. एवढं गाव बांगड्या भरतं आणि हातात चाळीसच येतात?"

"हातात आले तेवढेच लिहिले, महाराज. बाकीचे वाड्यावर राणीसाहेबांकडं उधार आहेत. चार वर्षं झाली."

महाराज असे हसले की बुटक्या चौकटीचं भानच राहिलं नाही, रेघ पुसून बाहेर पडले. "शेठ, सहाशे मोजा, निम्म्या व्याजानं. आणि खजिनदार, राणीसाहेबांची उधारी आजच्या आज चुकती करा. वर तान्हूबाईंना एक साडी द्या. शेठच्या चिकट पसंतीची नको, भारी आणा!"