चिंध्यांचा पिंपळ

दोन डोंगरांमधल्या एका गावात एक वैद्य होता. त्याच्या दारातल्या पिंपळावर पानांपेक्षा चिंध्याच जास्त. बाजाराच्या दिवशी वैद्याचा गडी चौकात ओरडायचा, की जितक्या चिंध्या तितके रोगी बरे झाले, या आणि डोळ्यांनी बघा. लोक माना वर करून बघायचे आणि रांगेत बसायचे.

शेजारच्या वाडीत दोन भाऊ राहत. थोरल्याला तापानं धरलं. धाकट्यानं त्याला बैलगाडीत घातलं आणि निघाला. वाटेत एका म्हाताऱ्या वैद्याचं घर लागलं.

थोरला म्हणाला, "इथंच थांबव. आता सोसत नाही."

धाकट्यानं पाहिलं. अंगण झाडलेलं होतं, पण चिंधी एकही नव्हती. "इथं काळं कुत्रं फिरकत नाही, दादा. तुला चांगल्याकडे नेतो," तो म्हणाला आणि त्यानं बैल दामटले.

पिंपळाखाली गड्यानं सांगितलं, आधी रोग्याच्या अंगावरच्या कपड्याची चिंधी बांधायची, मग औषध. श्रद्धा असली तरच गुण येतो. धाकट्यानं दादाच्या निळ्या मुंडाशाची पट्टी फाडली, झाडावर चढला आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच बांधली. वैद्यानं नाडी धरली न धरली आणि एक पुडी दिली. गुण आला नाही. पुन्हा गेले, तर पुन्हा तसलीच पुडी. अमावस्येच्या आत थोरला वारला.

सुतक फिटताच धाकटा पिंपळाखाली आला. दादाची निळी पट्टी वर फडफडत होती. खाली एक बाई तापलेलं मूल मांडीवर घेऊन बसली होती आणि गडी तिला तीच पट्टी दाखवत होता. "ती निळी बघा. गाडीत घालून आणला होता, घरी गेला तो पायी."

धाकट्याच्या मस्तकात तिडीक गेली. तो सरसर वर चढू लागला. गड्यानं त्याचा पाय धरला.

"उतर खाली. हे बऱ्या झालेल्यांचं झाड आहे."

"मग मेलेल्यांचं कुठं आहे, ते दाखव."

पाय हिसडून त्यानं पट्टी सोडली. गलका ऐकून वैद्य बाहेर आला. मऊ आवाजात म्हणाला, "पोरा, त्याचं आयुष्यच तेवढं होतं."

"आयुष्य तेवढंच होतं, तर त्याची चिंधी कशाला मिरवत होतास?"

मग रांगेमागं उभी असलेली एक म्हातारी पुढं आली. तिनं वर बोट केलं आणि गड्याला विचारलं, "ती हिरवी चिंधी माझ्या लेकीच्या लुगड्याची. मेल्या, तीसुद्धा पायीच गेली का रे घरी?"

म्हातारीनं काठीनं चिंधी ओढून काढली. ऐकून ऐकून गावातले एकेक जण येत गेले आणि आपापली चिंधी सोडून नेत गेले. दिवस मावळला तेव्हा पिंपळाला पुष्कळ पानं आहेत, हे गावाला प्रथमच दिसलं. खरोखर बऱ्या झालेल्यांच्या चिंध्या तेवढ्या राहिल्या. त्या शोधाव्या लागत होत्या.

धाकट्यानं त्या बाईला आणि मुलाला गाडीत घेतलं आणि म्हाताऱ्या वैद्याकडे नेलं. म्हातारा म्हणाला, "खात्री देत नाही. पण ताप उतरेपर्यंत उशाशी बसतो." तो बसला, आणि पोर वाचलं.

धाकटा मात्र त्या उंबऱ्याच्या आत गेला नाही. दादानं हेच दार दाखवलं होतं.

तात्पर्य: ज्याचं नाव गाजतं, त्याच्याकडे जाण्याआधी ज्यांना गुण आला नाही त्यांना विचारा. आणि ज्यांचं माणूस गेलं, त्यांनी गप्प बसू नये. खोटं नाव आपल्या गप्प बसण्यावरच पोसतं.