चौकशी झाली म्हणून

लातूरच्या सुगंधाबाई पटणे बेकरीसाठी नवी भट्टी घेणार होत्या. त्या कर्ज मागायला गेल्या, तर बँकेचे मॅनेजर कुलथे यांनी त्यांचा क्रेडिट रिपोर्ट टेबलावर आपटला.

"साडीच्या दुकानाच्या क्रेडिट कार्डासाठी तुमची चौकशी झालीय, तशी नोंद आहे यात. उधारीची सवय दिसते. अशांना आम्ही कर्ज देत नाही."

रांगेतली माणसं वळून बघू लागली. त्या दुकानातून सुगंधाबाईंनी रोखीने साडी घेतली होती. सवलतीसाठी म्हणून काउंटरवर पॅन नंबर मागितला, तो दिला, एवढंच.

"मी कार्ड मागितलंच नाही."

"न मागता कोण कशाला चौकशी करेल?"

"साहेब, लग्नाआधी पाच घरांनी माझी चौकशी केली होती. त्यातल्या तीन घरांची मला खबरही नव्हती. म्हणून काय मी पाच नवरे केले?"

रांगेत हशा पिकला. कुलथ्यांनी दुकानाला फोन लावला. कार्डाचा अर्ज दुकानानेच त्या पॅन नंबरवर परस्पर टाकला होता.

"ती नोंद काढायची तक्रार आपण करू," ते पुटपुटले. "कर्जाचे कागदही पुढे पाठवतो. बसा ना."

"उभीच बरी आहे मी," सुगंधाबाई म्हणाल्या. "तुम्ही सही करा."