साध्या चोरीला भाले कशाला?

सगुणा साळीण नदीवरून परतली, तेव्हा भर दुपारी तिच्या घराचं दार कुणीतरी फोडलं होतं. चोर सापडला, नेलेली पैठणीही मिळाली. पण त्या दिवसापासून सगुणानं डोळे मिटले की स्वप्नात ते दार, पाण्यावर तरंगल्यासारखं, हळूहळू उघडत राही.

न्यायाधीश त्र्यंबकशास्त्री म्हणाले, "घरात कुणी नव्हतं, कुणाला मार लागला नाही. ही जबरी चोरी नव्हे, साधी चोरी. समज देऊन सोडा त्याला."

सगुणा हात जोडून म्हणाली, "शास्त्रीबुवा, दार अजून तसंच मोडकं आहे. आजची दुपार माझ्या घरी एकटे निजून दाखवा."

"निजतो की! फक्त दाराशी दोन भालेकरी ठेवा."

"साध्या चोरीला भाले कशाला, महाराज?"

शास्त्रीबुवा कारकुनाकडे वळले. मग त्यांनी निकालात 'जबरी' असं लिहवून घेतलं, चोराला तुरुंगात धाडलं आणि सुताराला सगुणाच्या घरी.