शेकरूची वाट

रानात माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एक शेकरू उंच फांदीवरून पडलं. डोक्याला मार बसला आणि घरट्यापासून उंबरापर्यंतची फांद्याफांद्यांची वाट ते साफ विसरलं.

शेजारच्या धनेश पक्ष्याला दया आली. त्याची बायको झाडाच्या ढोलीचं तोंड लिंपून, चोचीपुरती फट ठेवून आत अंडी उबवत बसली होती. तिला भरवता भरवता तो शेकरूच्याही तोंडात उंबरं घालू लागला.

“डोकं कामातून गेलं माझं, दादा,” असं म्हणून शेकरू पुन्हा आडवं होई.

एकदा ढोलीच्या फटीतून धनेशीण म्हणाली, “अहो, माझी पिसं झडलीत म्हणून मला भरवता. त्याचे पाय तर धड आहेत. आज उंबर पुढच्या फांदीवर ठेवा, उद्या त्याच्याही पुढच्या.”

शेकरू रुसलं. पण भूक कुठं रुसते? ते निघालं, चुकलं, परत फिरलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा निघालं.

धनेशीण ढोलीबाहेर पडली, त्या दिवशी दोघं उंबरावर आली, तर शेकरू आधीच तिथं खात बसलेलं.

“जुनी वाट आठवली म्हणायची,” धनेश म्हणाला.

“ती नाही आठवली, दादा. ही वेगळीच आहे.”

धनेशिणीनं नुकतीच फुटलेली पिसं झटकली. “माझी तरी जुनी पिसं कुठं परत आली?” ती म्हणाली आणि तिनं झेप घेतली.